दगडूचा आहेर

कंडक्टरमामांना बसवणं कुणालाही जमलं नाही. खुर्ची पुढे केली की ते तिच्या पाठीला हात लावून उभे राहायचे आणि चहा तसाच उभ्याउभ्या संपवायचे. सगळी नोकरी एसटीच्या लाल गाडीत, दोन्ही बाजूंच्या सीटांमधल्या चिंचोळ्या वाटेत गेली. कंडक्टरला स्वतःची सीट असते, पण मामांच्या सीटवर त्यांची बॅग बसायची, नाहीतर एखादी लेकुरवाळी. निवृत्त झाले तरी पाय थांबले नाहीत. बोलताना दोन पावलं पुढे, दोन मागे, आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप त्यांच्याबरोबर फिरायची.

"मामा, बसा की जरा," असं म्हटलं तर म्हणायचे, "बसलं की गंजतंय. तो डबा बघितला न्हाय का?"

तो डबा म्हणजे लहान गाडीचा डबा. आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना लहान गाडी समजावून सांगावी लागत नाही. नव्यांसाठी सांगते. अडीच फुटी रुळांवरून कुर्डुवाडी-बार्शीकडे एक गाडी धावायची. धावायची म्हणजे इतकी निवांत, की लोक चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायचे आणि मागच्या डब्यात चढायचे. पुढे मोठे रूळ आले आणि ती गाडी गेली. तिचा लाकडी अंगाचा एक डबा हातोहात फिरत सोलापुरात बाबूभाई भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडला होता. लाकूड कुजत होतं, खालचं लोखंड मात्र शाबूत होतं, आणि बाबूभाईला ते लोखंडच हवं होतं. गॅस कटर आणून तो डबा कापायचा आणि वजनावर विकायचा, इतका साधा त्याचा हिशोब. तो डबा वाचवायचा म्हणून सातआठ जणांनी मिळून लहान गाडी जतन मंडळ काढलं होतं. जन्मभर बसमध्ये काढलेला माणूस या रेल्वेच्या मंडळात सगळ्यांच्या पुढे का होता, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

मी मूळची वळसंगची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी सांगते कारण ते सांगण्यासारखं आहे. बी.कॉम. होऊन सोलापुरात एका पतसंस्थेत लागले. मंडळाचं खातं उघडायला मामा आमच्या काउंटरवर आले, उभे राहिले, माझी पदवी विचारली आणि दुसऱ्या दिवशी मला मंडळाची खजिनदार करूनच मोकळे झाले. मला विचारलं नव्हतं. "विचारलं असतं तर तुमी विचार केला असता," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी बीकॉम. "ओ बीकॉम, जरा हितं या की."

खजिनदार म्हणून मी पहिलं काम केलं ते आवाहनाचं पत्रक. छान, शुद्ध मराठीत लिहिलं. वारसा, जतन, पुढची पिढी, सगळं घातलं. खाली क्यूआर कोड छापला. लोकांनी ते वाचलं, नीट घडी घातली आणि खिशात ठेवलं. पैसे आले ते मंडळाच्याच सभासदांचे. मामांनी पत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाले, "लई झ्याक लिवलंय. पण ह्यात कुणी कुणाला हाक मारल्याली न्हाय."

मग त्यांच्या डोक्यातून एकेक निघायला लागलं. त्यांनी जुन्या पद्धतीची पुठ्ठ्याची तिकिटं छापून घेतली आणि भाजी मंडईच्या तोंडाशी उभे राहून ओरडायला लागले, "लहान गाडी, लहान गाडी, बसायला जागा, खिडकीची जागा." लोक विचारायचे, गाडी कुठं जाते? मामा म्हणायचे, "कुटं बी न्हाय. म्हणून तर जागा हाय." हसत हसत माणसं तिकीट घ्यायची आणि मामा आपल्या जुन्या चिमट्याने त्याला भोक पाडून द्यायचे. हुरड्याच्या दिवसांत त्यांनी बाबूभाईच्या आवारात आगटी पेटवली आणि डब्याच्या बाकांवर लोकांना हुरडा आणि शेंगाचटणी खाऊ घातली. आजूबाजूला गंजलेले कूलर, मोडक्या सायकली, आणि मधे चांगल्या घरच्या बायका पदर खोचून हुरडा मळतायत, हे दृश्य बघून बाबूभाईने कपाळाला हात लावला होता.

टॉवेलांची गोष्ट तर सांगायलाच हवी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्याकडून मामांनी काठावर लहान गाडी विणलेले टॉवेल करून घेतले. विणताना काहीतरी उलटं लागलं आणि प्रत्येक टॉवेलवर डबे पुढे आणि इंजिन मागे, अशी गाडी आली. मागवाला बिचारा तेलुगू-मराठीत माफी मागत होता. मी म्हटलं, माल परत करा. मामांनी एक टॉवेल खांद्यावर टाकला, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "काय चुकलंय ह्यात? ही माघारी येणारी गाडी हाय." आणि तसंच सांगून विकायला लागले. तरी गठ्ठाभर उरलेच.

हे सगळं करूनही पैसा चिमटी-चिमटीने यायचा आणि बाबूभाईची मुदत जवळ येत होती. तो वाईट माणूस नव्हता. "मामू, मेरेकू भी घर चलाना है," म्हणायचा. "लोहे का भाव चढरा. अक्षय तृतीया तक रुकता, आगे नक्को बोलो." मामा त्या दिवसांत पतसंस्थेत दिवसातून दोनदा यायचे, शिल्लक विचारायचे, दारापर्यंत जायचे आणि परत विचारायला वळायचे. मधल्या पाच मिनिटांत काय वाढणार होतं? पण त्यांना बघून मलाही काउंटरवर बसवेना. आकडे लिहिताना हात थांबायचा आणि कटरची निळी ज्योत डोळ्यांपुढे यायची.

असेच एकदा दारातून वळून आले आणि म्हणाले, "बीकॉम, माणूस देणगी कधी देतो?"

"मनात आलं की."

"आणि आहेर?"

"तो द्यावाच लागतो."

"मग बारसं करू की डब्याचं."

मला वाटलं चेष्टा करतायत. आठवडाभरात पत्रिका छापून आली. आमचे येथे जुन्या डब्याचे बारसे करण्याचे योजिले आहे, तरी सहकुटुंब सहपरिवार येण्याचे करावे. आणि सगळे लोक आहेर आणू नये असं छापतात तिथे मामांनी ठळक अक्षरांत छापलं होतं, आहेर अवश्य आणावा. त्यांच्या गाडीतून वर्षानुवर्षं गेलेली माणसं करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत पसरली होती. मामा पत्रिका घेऊन घरोघर गेले. उंबऱ्यावर अक्षता ठेवायचे, उभ्यानेच पाणी प्यायचे आणि पुढच्या गावाची गाडी पकडायचे.

बारशाला आवार भरून गेलं. डब्यात सामान ठेवायच्या फळीला छोटा पाळणा टांगला होता, घुगऱ्यांचं पातेलं तयार होतं. बायका पाळणा म्हणायला उभ्या राहिल्या आणि कुणीतरी विचारलं, आत्या कोण? बारशाला आत्या लागतेच. मामांनी माझ्याकडे बोट केलं. "ही काय. शिकल्याली आत्या हाय."

मला पुढे ढकललं. डब्याच्या भिंतीला कान कुठला, मी एका खिडकीच्या चौकटीला तोंड लावलं आणि नाव सांगितलं. दगडू. माझ्या आजोबांचं नाव. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून पणजीने ते नाव ठेवलं होतं, काळाला वाटावं हा दगड आहे, ह्याला काय न्यायचं. आजोबा म्हातारे होईस्तोवर जगले. नाव मोठ्याने सांगितलं तेव्हा बायका आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या, कारण त्यातल्या बऱ्याच जणींच्या घरी असा एक दगडू किंवा धोंडू होऊन गेला होता. मग रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे बसले. चांगले सणसणीत. पाठ दुसऱ्या दिवशीही दुखत होती.

आहेर असा आला की मी क्यूआर कोडचा पुठ्ठा उचलून आत ठेवून दिला. एका आजीने तो बघून आधीच विचारलं होतं, "बाई, ह्याला कुंकू कुटं लावायचं?" पाकिटं, नारळ, कुंच्या, झबली. डब्याला झबलं कशाला, असं कुणाच्याही मनात आलं नाही. सगळ्यात शेवटी बाबूभाई आला. हातात फडक्यात गुंडाळलेली दाराची पितळी मूठ होती, डबा आला तेव्हाच त्याने काढून ठेवलेली. ती त्याने पाळण्यात ठेवली आणि मामांना म्हणाला, "अब कैसा काटूं इसकू? आहेर कर दिया मैं." त्याचे पैसे आम्ही चोख दिले. पण घाई त्याने त्या दिवसापासून केली नाही. दगडू क्रेनने उचलून अक्कलकोट रोडच्या एका बंद जिनिंग मिलच्या आवारात नेला. मालकाने जागा वापरायला दिली होती. वरती छप्पर नव्हतं, ताडपत्री घातली आणि ठरवलं, आता पैसे जमवायचे ते पत्र्याच्या शेडसाठी.

आणि इथे घोळ झाला. तो घोळ आमच्याच लोकांत होऊ शकतो.

महिनाभरात पहिली पत्रिका आली. वर नाव लिहिलेलं, चि. दगडू व सर्व मंडळी. मग दुसरी, मग पत्रिकांची रांगच लागली. लग्नं, जावळं, वास्तुशांती, साखरपुडे. आहेर दिलेल्या प्रत्येक घराने आहेर दिलेल्या घराला बोलवावं तसं दगडूला बोलावलं होतं. मला हसू आलं. मामांना नाही. ते डब्यात येरझाऱ्या घालत होते.

"जायला लागंल," म्हणाले.

"कुठं?"

"सगळीकडं."

मी शांतपणे सांगायचा प्रयत्न केला. "मामा, आपण देणगी घेतली. मी प्रत्येकाला पावती दिलीय. व्यवहार तिथं पूर्ण झाला. मंडळाच्या पैशातून लग्नाचे आहेर करता येणार नाहीत."

"पावती देणगीची असतीया, बीकॉम. आपण आहेर घेतलाय. आहेर घेतला की घर नात्यानं लागतं, आणि घर लागलं की जायला लागतं."

"आणि शेड?"

"शेड व्हईल की."

"ताडपत्रीवर एक पावसाळा निघेल, दुसरा निघणार नाही. तुम्ही मांडव हिंडत बसाल आणि दगडू इकडं कुजेल."

ते थांबले. माझ्याशी बोलताना थांबलेले मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "मंडळाचं एक पै बी घेणार न्हाय," आणि गेले.

त्यानंतर मामा पेन्शनीतून आहेर करायला लागले. उरलेल्या गठ्ठ्यातला एक टॉवेल, त्यावर एक टोपी, एक नारळ आणि पाकीट. उलटी गाडी असलेले टॉवेल घेऊन ते प्रत्येक मुहूर्ताला कुठल्या ना कुठल्या मांडवात असायचे. तिथेही बसायचे नाहीत, पंगतीत वाढायला लागायचे. मला राग यायचा. त्यांच्या पेन्शनीत शेडचे खांब तरी उभे राहिले असते. मी एकटीने दारोदार हिंडून शेडसाठी पैसे मागत होते आणि लोक मला पत्रकासारखी घडी घालून परत पाठवत होते.

एकदा जेऊरच्या लग्नाला मला बळेच नेलं. "आत्या का येत न्हाय म्हणून लोक इचारत्यात," हे कारण. मांडवात आम्ही शिरलो आणि माइकवरून आवाज आला, "दगडूचे वडील आणि आत्या आलेले आहेत, त्यांनी स्टेजवर यावं." कुणीही हसलं नाही. नवरीच्या आईने माझी ओटी भरली आणि विचारलं, "कसा हाय दगडू? पावसात भिजला न्हाय न्हवं?" घरातल्या पोराबद्दल विचारावं तसं. मी ओटीतला नारळ सावरला. भिजला होता.

परतताना जेऊरच्या स्टेशनवर सोलापूरच्या गाडीची वाट बघत होतो. मी बाकावर, मामा माझ्यासमोर येरझाऱ्या घालत. एक लांबलचक एक्स्प्रेस न थांबता धडधडत गेली आणि प्लॅटफॉर्मवरची धूळ आमच्या अंगावर आली. धूळ खाली बसल्यावर मी विचारलं, "मामा, तुम्ही बसवाले. तुम्हाला लहान गाडीचं एवढं काय?"

"मी बार्शी रोडला होतो," ते चालता चालता म्हणाले. "रोड आणि लहान गाडी शेजारीशेजारी. फाटकापाशी ती हळू व्हायची. मी माझी गाडी तितंच थांबवायचो आणि दारात उभा राहून हाक मारायचो. चला, तिच्या आधी पोचवतो. माणसं धडाधडा उड्या मारून माझ्यात यायची. गाडीतनं उतरून, बीकॉम. तिकीट काढलेली माणसं. मला लई भारी वाटायचं. कलेक्शनला डेपोत माझं नाव होतं." वळून पुन्हा दोन पावलं. "मग एक दिवस बघितलं, गाडी आली तर डब्यात एक म्हातारी आणि गार्ड. दोगंच. म्हातारीला बी मी हाक मारली. ती म्हणाली, न्हाय बाबा, मी हिच्यातनंच जाते, नायतर हिला वाईट वाटंल."

"गाडी काही तुमच्यामुळं बंद नाही झाली, मामा. रूळच मोठे झाले."

"व्हय. ते मला बी म्हाईत हाय." आणि परत चालायला लागले. "पण माणसं मी घेतलीती. ती माघारी नेऊन द्यायला लागतील की तिला."

त्या दिवसानंतर मी शेडवरून वाद घातला नाही. पटलं असं नाही. पण ते काय करतायत हे कळलं. मांडवामांडवातून एकेक घर ते दगडूकडे परत वळवत होते. त्याला किती वेळ लागेल आणि ताडपत्री तेवढी टिकेल का, हाच प्रश्न होता.

ताडपत्रीच्या आधी मामा थकले. छातीत दुखतंय म्हणून भाच्याने दवाखान्यात आणलं. मामी केव्हाच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. मी गेले तेव्हा ते आडवे होते, आणि मला आधी ओळखच पटली नाही. उभा नसलेला मामा मला कुठला माहीत. पाय चादरीखाली हलत होते.

"रविवारी करमाळ्याचं जावळ हाय," म्हणाले. "कोण जाणार?"

"आधी बरे व्हा."

"बीकॉम, मी इचारलं काय, तुमी सांगताय काय."

नर्स आली, मला बाहेर काढलं. दारातून मी वळून बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते, उत्तर मिळेपर्यंत प्रवाशापुढून न हलणाऱ्या कंडक्टरसारखे. रविवार यायच्या आत मामा गेले.

दहावं नदीकाठी झालं. मामांची माणसं कोण कुठली, भाच्याला काही माहीत नव्हतं, आणि मामांची ती भाड्याची खोलीही लोकांना माहीत नव्हती. त्यांना माहीत होता तो डबा. संध्याकाळी मी जिनिंगच्या आवारात गेले, ताडपत्रीची दोरी सुटलीय का बघायला, तर फाटकाशी टमटम आणि मोटारसायकली उभ्या. जेऊरची माणसं होती, करमाळ्याची, अक्कलकोटकडची, आपसात कानडी बोलणारी. सगळ्यांच्या हातात पिशव्या. ती दुखवट्याचा आहेर घेऊन आली होती. घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्यांना टोपी-टॉवेल, लुगडं-खण करायचा असतो, तो.

पण तो घ्यायचा कुणी, हे कुणालाच कळत नव्हतं. एका म्हाताऱ्याने टॉवेल डब्याच्या पायरीवर ठेवला, पुन्हा उचलला. आहेर हातात द्यायचा असतो. जेऊरची नवरीची आई पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "आत्या हायेत की," ती बाकीच्यांना म्हणाली.

मला चांगलं ठाऊक होतं, हात पुढे केला की काय होणार. ही सगळी घरं मला लागणार. यांची लग्नं, जावळं, बाळंतपणं, दहावं-बारावं सगळं. मी शिकलेली, पावती देऊन मोकळी होणारी बाई. तरी मी दोन्ही हातांनी पदर पसरला.

रात्र पडायच्या आत सगळे गेले. टॉवेल घडी घालून बाकावर ठेवताना मला त्यात ओळखीचे काठ दिसले. एक, मग आणखी एक, मग आणखी. डबे पुढे, इंजिन मागे. आहेराचे टॉवेल कुणी वापरत नाही, कपाटातून निघून पुढच्या घरी जातात. मामांनी गावोगाव वाटलेले कितीतरी टॉवेल फिरत फिरत त्यांच्याच दुखवट्याला परत आले होते.

शेड पुढच्या पावसाआधी झाली. खांब जेऊरच्यांनी दिले, पत्रे बाबूभाईने, जुने आणि दोन रंगांचे. मी कुणाकडे मागायला गेले नव्हते. "भीजरा बच्चा," एवढंच बाबूभाई म्हणाला आणि स्वतः वर चढला.

आता रविवार माझे राहिलेले नाहीत. पतसंस्थेतही मी उभी राहून काम करते, बसलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. परवा करमाळ्याला गेले, एका अनोळखी मांडवात, टॉवेल-टोपी पिशवीत घेऊन. दारात अत्तर लावायला उभ्या असलेल्या बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमी कुणाकडच्या? नवरीकडच्या का नवऱ्याकडच्या?"

"मी दगडूची आत्या," म्हटलं.

तिने क्षणभर विचार केला, मग आत वळून हाक दिली, "अगं, गाडीची माणसं आली. ह्यांना बसवून घ्या." आणि माझ्याकडे बघून हसली. "बसत न्हायत म्हणं तुमच्यातले."